साथीच्या काळात शहराचं रोजचं निवेदन: नव्याने काम हाती घेणाऱ्यांसाठी

साथ सुरू झाली की शहराला रोज काहीतरी सांगावं लागतं. किती रुग्ण सापडले, तपासणी कुठे, काय बंद, काय चालू. हे काम बहुतेक वेळा ज्यांनी आधी कधी केलेलं नाही अशांच्याच गळ्यात पडतं: आरोग्य विभागातलं कोणी, प्रसिद्धीचं काम बघणारं कोणी, मदतीला आलेले स्वयंसेवक. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

निवेदन उघडणाऱ्याच्या मनात एकच प्रश्न असतो: आता मी काय करू? लिहून झालं की प्रत्येक ओळीला हा प्रश्न लावून बघा. जिच्यामुळे वाचणाऱ्याचं काहीच बदलत नाही ती ओळ खाली ढकला, नाहीतर काढून टाका. बैठक कोणाच्या अध्यक्षतेखाली झाली, पाहणी कोणी केली, हे पहिलं उडवायचं.

पहिल्याच दिवशी ठरवून टाका

किमान तीन माणसं लागतात. एक आकडे गोळा करणारा, एक लिहिणारा, एक तपासणारा. पहिली दोन कामं अडचणीच्या दिवशी एकाने केली तरी चालतील, पण लिहिणाऱ्याने स्वतःच तपासायचं नाही. आपण लिहिलेली चूक आपल्याला दिसत नाही, आणि दमलेल्या माणसाला तर अजिबातच नाही. शिवाय अंतिम होकार कोणाचा, आणि तो माणूस फोन उचलत नसेल तर कोणाचा, हे लेखी ठेवा. निवेदनं उशिरा निघण्याचं सगळ्यात मोठं कारण 'साहेबांनी अजून बघितलं नाही' हेच असतं.

मग दोन वेळा ठरवा: आकडे कधीपर्यंतचे घ्यायचे आणि निवेदन कधी काढायचं. उदाहरणार्थ, दुपारी ४ पर्यंतची नोंद आणि संध्याकाळी ६ ला निवेदन. मधले दोन तास जुळवाजुळव, लिखाण आणि तपासणीला लागतात. ठरलेली वेळ काहीही झालं तरी पाळा. आकडे आले नसतील तर आकड्यांशिवाय निवेदन काढा आणि लिहा, 'आजची रुग्णसंख्या रात्री ८ वाजता देऊ.' सहाला काहीच आलं नाही, तर सव्वासहापर्यंत कोणीतरी स्वतःच्या मनाचा आकडा फिरवायला सुरुवात करतो.

प्रत्येक निवेदनाला क्रमांक द्या. क्रमांक, वार, तारीख आणि वेळ मजकुराच्या पहिल्याच ओळीत हवी, आणि चित्र बनवत असाल तर चित्राच्या आतसुद्धा. व्हॉट्सॲपवर फिरताना मूळ पोस्टची तारीख गळून पडते आणि तीन आठवड्यांपूर्वीची 'उद्यापासून सगळं बंद' ही सूचना नवी म्हणून परत येते. क्रमांक असला की लोक स्वतःच म्हणतात, हे तर ४३ वं आहे, आज ६४ वं आलं.

कशानंतर काय

आमच्या मते हा क्रम सगळ्यात कामाला येतो: आज काय बदललं, तुम्ही काय करायचं, सेवा कुठे आणि किती वाजता, आकडे, कालच्या निवेदनातली दुरुस्ती, मदतीचे फोन नंबर, पुढचं निवेदन कधी. बदल काहीच नसेल तर तसंच लिहा, 'कालच्या नियमांत आज बदल नाही.' ही ओळ क्षुल्लक वाटते, पण नेमकी तीच विचारायला पन्नास फोन येतात.

आकडे सर्वांत वर ठेवायचा मोह होतो, कारण बातमीवाल्यांना तेच हवे असतात. त्यांना वेगळा तक्ता पाठवा.

आकडे: इथे वेळ घालवा

सर्वाधिक घोळ इथेच होतात, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

पहिला घोळ तारखेचा. एका रुग्णाला चार तारखा असतात: लक्षणं सुरू झाली ती, नमुना घेतला ती, अहवाल आला ती, आणि तुमच्या यादीत नाव चढलं ती. 'आजचे रुग्ण' म्हणजे यांतली कोणती तारीख, हे एकदा ठरवा, निवेदनाच्या तळाशी छोट्या अक्षरात कायम लिहा, आणि मध्येच बदलू नका. प्रयोगशाळेने तीन दिवसांचे अहवाल एकदम पाठवले तर आकडा एका दिवसात दुप्पट होतो, आणि साथ मात्र होती तिथेच असते. तसं झालं तर त्याच ओळीत सांगा: 'आज नोंदलेल्या १८० पैकी ११० अहवाल सोमवार ते बुधवारचे, उशिरा आलेले आहेत.'

म्हणूनच एका दिवसाच्या आकड्यावर मथळा करायचा नाही. सुट्टीच्या दिवशी तपासण्या कमी होतात, आकडा घसरतो, दोन दिवसांनी उसळतो. सात दिवसांची सरासरी द्या: आजचा आणि मागच्या सहा दिवसांचा आकडा मिळवून सातने भागायचं. सातच का, तर त्यात प्रत्येक वार बरोबर एकदा येतो. पाच किंवा दहा दिवस घेतले तर कधी सुट्टी दोनदा धरली जाते, कधी एकदाही नाही.

दुसरा घोळ, नुसती रुग्णसंख्या. काल ५०० तपासण्यांत ४० बाधित, आज १,००० तपासण्यांत ६०. रुग्ण वीसने वाढले, पण बाधितांचं प्रमाण ८ टक्क्यांवरून ६ वर आलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही सांगायला हव्यात. कोविडच्या काळात जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२० मध्ये निर्बंध सैल करण्याच्या निकषांत हे प्रमाण सलग दोन आठवडे ५ टक्क्यांखाली असावं असं म्हटलं होतं. पण हा निकष तपासण्या पुरेशा आणि सर्वदूर होत असतील तेव्हाच लागू पडतो. फक्त अत्यवस्थ लोकांचीच तपासणी केली तर प्रमाण फुगतं. धडधाकट लोकांचे घाऊक नमुने घेतले तर ते खाली येतं. एकाच माणसाची तीनदा तपासणी झाली तर ती तीन धरायची की एक, हेही आधी ठरवा.

प्रभागांची तुलना करताना लोकसंख्येने भागल्याशिवाय यादी काढूच नका. एका प्रभागात ४०,००० वस्ती आणि ६० रुग्ण, म्हणजे लाखामागे १५०. दुसऱ्यात १,२०,००० वस्ती आणि ९० रुग्ण, म्हणजे लाखामागे ७५. नुसते आकडे छापले तर दुसरा प्रभाग बदनाम होतो आणि पहिल्यातले लोक निर्धास्त फिरतात.

सक्रिय रुग्ण म्हणजे एकूण बाधितांमधून बरे झालेले आणि मृत वजा केले की उरतात ते. गणित सोपं आहे, अडतं ते 'बरे झालेले' कोणाला म्हणायचं यावर. घरी विलगीकरणात असलेल्यांना बरे झाल्याचा कागद कोणी देत नाही, त्यामुळे त्यांची नोंद कोणी बंद केली नाही की सक्रिय रुग्ण उगाच वाढत राहतात. रुग्ण राहतो तिथला धरायचा, दाखल झाला तिथला नाही, हेही पक्कं करा. नाहीतर दोन शहरं एकाच माणसाला मोजतात, किंवा दोघंही सोडून देतात.

मृत्यूंची नोंद उशिरा येते, कारण कारण-निश्चितीला वेळ लागतो. जुन्या नोंदी एकदम आल्या की त्या सुट्या करून दाखवा: 'आज १९ मृत्यूंची नोंद झाली. त्यांतले ४ गेल्या दोन दिवसांतले, १५ मागच्या महिन्यातले.' हे फोडून सांगितलं नाही तर एका रात्रीत शहर हादरतं. लपवलं आणि नंतर उघड झालं तर पुढच्या कुठल्याच आकड्यावर कोणी विश्वास ठेवत नाही.

फाइलींकडेही लक्ष ठेवा. २०२० च्या शरद ऋतूत इंग्लंडमध्ये २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातले १५,८४१ बाधित रोजच्या आकड्यांतून गळाले होते. अहवालांची माहिती एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलींत भरली जात होती, त्या प्रकारात ६५,५३६ च्या वर ओळी मावत नाहीत, आणि पुढच्या ओळी निमूटपणे गळत होत्या. नुसता आकडाच चुकला असं नाही. त्या लोकांच्या संपर्कातल्यांचा शोधही लांबला. तुमची फाइल लहान असली तरी रोज एक साधी जुळणी करा: कालची एकूण अधिक आजची नवी बरोबर आजची एकूण. सगळ्या प्रभागांची बेरीज बरोबर शहराची बेरीज. जुळत नसेल तर आकडे तिथेच थांबवा आणि निवेदन ठरल्या वेळी आकड्यांशिवाय काढा. 'पत्ता अपूर्ण' असा वेगळा रकाना ठेवला की बहुतेक फरक तिथेच सापडतात.

आणखी एक. निर्बंध लावले की तिसऱ्या दिवसापासून लोक विचारतात, आकडा का उतरत नाही? कोविडमध्ये संसर्गापासून लक्षणं दिसायला सरासरी पाच-सहा दिवस लागायचे, कधी चौदापर्यंत. त्यावर तपासणी आणि अहवालाचे दिवस. त्यामुळे परिणाम दिसायला साधारण दोन आठवडे लागतात. हे निर्बंध जाहीर करतानाच सांगून ठेवा, नंतर सांगितलं तर ती सबब वाटते.

नियम असा लिहा

सरकारी आदेशातलं वाक्य बहुधा असं येतं: 'वाढता प्रादुर्भाव लक्षात घेता, सक्षम प्राधिकाऱ्यांच्या आदेशान्वये सदर परिसरातील अत्यावश्यक सेवा वगळता सर्व आस्थापना पुढील आदेशापर्यंत बंद ठेवण्यात येत आहेत.'

त्याचं निवेदनातलं रूप:

'प्रभाग ७ मधली दुकानं शनिवार, १३ तारखेला सकाळी ६ पासून शुक्रवार, १९ तारखेच्या रात्री ११:५९ पर्यंत बंद राहतील. औषधांची दुकानं पूर्ण वेळ, किराणा सकाळी ७ ते दुपारी १ चालू. दवाखाने नेहमीप्रमाणे. तपासणीला किंवा लस घ्यायला जाणाऱ्यांना परवानगी लागणार नाही. २० तारखेपासून काय, ते गुरुवारी १८ तारखेच्या निवेदनात सांगू.'

कोणाला, कुठे, कधीपासून, कधीपर्यंत, कोणाला सूट, पुढची माहिती कधी. एवढं आलं की झालं. 'अत्यावश्यक सेवा' असं मोघम लिहू नका, नावं लिहा. प्रत्येकाला आपला धंदा अत्यावश्यकच वाटतो. 'सोमवारपर्यंत बंद' म्हटलं की निम्मे लोक सोमवारी शटर उघडतात, म्हणून शेवटच्या दिवसाची वेळ द्या. 'रात्री १२' टाळा, ती आजची की उद्याची यावर वाद होतात.

दिवस मोजायचं काम वाचणाऱ्यावर सोडू नका. संपर्कात आलेल्याने १४ दिवस घरी राहायचं असेल, तर शेवटच्या संपर्काचा दिवस शून्य धरतात. म्हणजे ३ तारखेला संपर्क आला तर ४ तारीख पहिला दिवस, १७ तारीख चौदावा, आणि १८ ला सकाळी बाहेर पडता येतं. निवेदनात असं एक उदाहरण तारखांसकट द्या.

घरी करायच्या गोष्टी सांगताना तर प्रमाणाशिवाय एक अक्षर लिहू नका. जंतुनाशक द्रावणाचंच घ्या. 'पाण्यात थोडं ब्लीच घाला' असं वाचून कोणी चमचा घालतो, कोणी अर्धी बाटली. रोजच्या पृष्ठभागांसाठी ०.१ टक्का सोडियम हायपोक्लोराइट पुरतं. बाटलीवर ५ टक्के लिहिलं असेल तर एक भाग ब्लीचला ४९ भाग पाणी, म्हणजे २० मिलिलिटर ब्लीच आणि ९८० मिलिलिटर पाणी. पण बाटल्या वेगवेगळ्या ताकदीच्या मिळतात, म्हणून हिशोबही द्या: बाटलीवरची टक्केवारी भागिले हवी असलेली टक्केवारी, त्यातून एक वजा, तेवढे भाग पाणी. त्याच परिच्छेदात, खाली तळटीप म्हणून नव्हे, हे तीन इशारे हवेत: ॲसिड किंवा अमोनिया असलेल्या क्लीनरमध्ये मिसळू नका, विषारी वायू तयार होतो, खिडकी उघडी ठेवा, माणसांच्या अंगावर फवारू नका.

फोन नंबर आणि खाटा

निवेदनातला प्रत्येक नंबर छापण्याआधी स्वतः फिरवून बघायचा. रोज. पलीकडे कोण उचलतं, त्याला काय माहीत आहे, नंबर रात्री चालतो का, हे विचारायचं आणि वेळ नंबरासमोरच लिहायची. बंद नंबर छापला की त्या घरातल्या माणसाचा सगळ्या निवेदनावरचा विश्वास जातो, आणि ते बरोबरच आहे.

रुग्णालयवार मोकळ्या खाटांची यादी मोहात पाडते. ती तासाभरात शिळी होते, आणि कोणीतरी अत्यवस्थ माणसाला घेऊन तिथे पोचतं. सतत ताजी होणारी यादी चालवायची सोय नसेल तर फक्त नियंत्रण कक्षाचा नंबर द्या आणि फोन करताना काय हाताशी ठेवायचं ते सांगा: रुग्णाचं वय, पत्ता, अहवाल, ऑक्सिजनची पातळी, इतर आजार. एकूण खाटांचा आकडा द्यायचा असेल तर साध्या, ऑक्सिजनच्या आणि अतिदक्षता विभागातल्या वेगळ्या दाखवा. साध्या शंभर मोकळ्या असून उपयोग नसतो, हवी ती तिसरीच असते.

नावं आणि पत्ते

रुग्णाचं नाव, फोटो, घर क्रमांक, नोकरीचं ठिकाण यांतलं काहीच नाही. हे सगळ्यांना माहीत असतं. फसतो तो लहान आकड्यांत. 'अमुक इमारतीत १ रुग्ण, वय ७२, नुकतेच प्रवासातून परतले' यात नाव नाही, पण सगळ्या इमारतीला कळलं. पाचापेक्षा कमी रुग्ण असतील तिथे इमारत किंवा गल्ली न लिहिता प्रभाग लिहा, आणि वय-लिंग-प्रवास एकत्र देऊ नका. जात, धर्म, वस्ती, मूळ गाव यांच्याशी साथ जोडायची नाही. रोगांच्या नावात ठिकाण, माणूस, प्राणी नकोत असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्येच सांगितलं आहे. बोट दाखवलं की लोक लक्षणं लपवतात आणि तपासणीला येत नाहीत. साथ पसरवायला एवढं पुरतं.

ठाऊक नसेल तेव्हा

'घाबरण्याचं कारण नाही' हे वाक्य निवेदनातून कायमचं काढा. १९१८ मध्ये फिलाडेल्फियात फ्लू पसरत असतानाही अधिकाऱ्यांनी लोकांना धीर देणं चालू ठेवलं आणि २८ सप्टेंबरची मोठी मिरवणूक होऊ दिली; नंतरच्या काही दिवसांतच रुग्णालयं भरून गेली. धीर द्यायला वाक्य लागत नाही, करण्यासारखं काहीतरी द्यावं लागतं.

नक्की माहीत नसेल तर तीन ओळी: आम्हाला हे कळलं आहे, हे अजून कळलेलं नाही, ते अमुक दिवशी सांगू. सल्ला बदलला तर तो बदलला असं स्पष्ट म्हणा आणि कारण द्या. जागतिक आरोग्य संघटनेने ५ जून २०२० ला मास्कबद्दलचा सल्ला बदलून संसर्ग पसरलेल्या भागांत सर्वसामान्यांनीही गर्दीत कापडी मास्क वापरावा असं सांगितलं. अशा वेळी 'आधीचा सल्ला रद्द, नवा हा' असं एका ओळीत न सांगता नवाच सल्ला जणू पहिल्यापासून होता असं लिहिलं, तर लोक जुनं निवेदन काढून दाखवतात.

अफवा

प्रत्येक अफवेला उत्तर द्यायचं नाही. द्याल तर तुम्हीच ती पोचवाल. एकच प्रश्न एकमेकांशी संबंध नसलेल्या तीन ठिकाणांहून आला, किंवा तिच्यामुळे कोणी औषध बंद करेल, काही पिईल, कोणाला मारहाण होईल असं दिसलं, की लगेच उत्तर. सुरुवात खऱ्या माहितीने करा, चुकीचा दावा एकदाच आणि 'हे खोटं आहे' असं म्हणून सांगा, शेवटी पुन्हा खरं. अफवेचा स्क्रीनशॉट त्यावर लाल फुली मारूनही टाकू नका. फुली कापून तोच पुढे जातो.

पोचवणं

निवेदन पीडीएफ म्हणून पाठवण्याची सवय मोडा, साध्या फोनवर ते उघडत नाही. मजकूर मजकूर म्हणूनच पाठवा. फक्त चित्र पाठवलं तर अंधांचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर गप्प बसतं.

एसएमएसची एक गोम आहे. इंग्रजी अक्षरांत एका संदेशात १६० चिन्हं मावतात, देवनागरीत फक्त ७०; लांब संदेश तुटला की प्रत्येक तुकड्यात ६७. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं म्हणून मोजली जातात, त्यामुळे 'क्षी' या एका अक्षराची चार चिन्हं होतात. म्हणून एसएमएसमध्ये एकच गोष्ट लिहा: काय, कुठे, कधी. बाकीचं निवेदनात.

ध्वनिक्षेपकासाठी वेगळा मजकूर लागतो. गाडी रस्त्यावरून जाते तेवढ्यात ऐकू येईल असं, तीसेक सेकंदांचं, आणि ठिकाण-वेळ दोनदा. आकडे अजिबात नकोत. सूचना फलकावर नवा कागद लावताना जुना काढायचा, त्याच्यावर चिकटवायचा नाही. दुसऱ्या भाषांतली निवेदनं त्याच वेळी निघाली पाहिजेत. दोन तास उशिरा आलेला अनुवाद म्हणजे तेवढे तास अर्धं शहर अंधारात. अनुवादात सर्वांत जास्त चुका तारखा, वेळा आणि 'करा' की 'करू नका' यांत होतात, तेवढं तरी दुसऱ्या माणसाने मुळाशी ताडून बघायचं.

चूक झाली तर

पोस्ट गुपचूप पुसू नका, ती आधीच शंभर ठिकाणी गेलेली असते. नव्या क्रमांकाचं निवेदन त्याच सगळ्या मार्गांनी काढा: 'निवेदन ५१ मध्ये लसीकरणाची वेळ चुकून सकाळी ९ छापली होती. बरोबर वेळ सकाळी ११.' काय चुकलं, बरोबर काय, आणि चुकीवर विसंबून कोणी काही केलं असेल तर त्याने आता काय करायचं. सकाळी नऊला रांगेत येणाऱ्यांसाठी तिथे एक माणूस उभा करा.

साथ ओसरताना

रोजचं निवेदन आठवड्याला दोनदा, मग एकदा, असं करता येतं, पण आधी तारीख सांगून. अचानक थांबलं तर लोकांना वाटतं काहीतरी दडवतायत. शून्य रुग्णांच्या दिवशीही निवेदन काढा, त्यात तपासण्या किती झाल्या ते लिहा. तपासणीच झाली नसेल तर शून्याला अर्थ नाही. शेवटच्या निवेदनात कोणता नियम कोणत्या तारखेपासून उठला, कोणते फोन चालू राहणार, उशिरा येणाऱ्या नोंदी कुठे दिसतील आणि जुनी सगळी निवेदनं कुठे वाचायला मिळतील हे द्या. 'साथ संपली' असं मात्र स्वतःहून जाहीर करू नका. ५ मे २०२३ ला कोविडची जागतिक आणीबाणी उठवली गेली तेव्हाही, धोका संपलेला नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने त्याच दमात सांगितलं होतं.